पावाच्या गाडीतली कॉफी

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे फवारे म्हणत. ते काही आडनाव नव्हे. उभा जन्म स्प्रेगन हातात धरून मोटारींच्या पत्र्यावर रंग फवारला, म्हणून फवारे. हे नाव असं काही चिकटलं की रिटायर होताना निरोपाच्या भाषणात खुद्द मालकांनाही खरं नाव आठवेना. ते दोनदा अडखळले आणि शेवटी 'आपले फवारे' म्हणून मोकळे झाले.

हे फवारे तसे धीराचे. डोक्यावर जॅक लावलेली गाडी आणि खाली आपण, याची त्यांना कधी भीती वाटली नाही. पण गॅसला ते भ्यायचे. घरातल्या गॅसला थोडे, आणि त्यांच्या घरगाडीतल्या गॅसला फार. पाव पोचवणारी एक जुनी गाडी त्यांनी विकत घेऊन, आतले फळ्यांचे कप्पे उखडून, तिचं दोघांपुरतं घर केलं होतं. दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग, खिडकीपाशी ओटा, ओट्यावर घरातलीच जुनी शेगडी आणि बाहेरच्या बाजूला पेटीत सिलिंडर. गाडी उभी असेल तिथे रोज सकाळी फवारे वाटीत साबणाचा फेस करायचे, दाढीचा जुना ब्रश घेऊन पेटीसमोर उकिडवे बसायचे आणि नळीच्या एकेका सांध्याला फेस फासून बुडबुडा येतोय का ते डोळे फाडून बघायचे.

"झाली का गाडीची दाढी?" बायको आतून विचारायची.

"झाली, झाली. वस्तरा तेवढा राहिला," असं काहीतरी बोलून ते हसण्यावारी न्यायचे. बुडबुडा नाही म्हटल्यावर ब्रश झटकून आत यायचे. बाकीचे लोक नुसतं हुंगून बघतात, आपल्याला ब्रश का लागतो, हे मात्र त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. फवाऱ्यांचं नाक मेलेलं होतं.

थिनरने मारलं ते. लग्नानंतर लगेचच बायकोने स्वतः जाऊन चांगल्यातला मास्क आणून दिला होता. तो लावला की चष्म्यावर वाफ धरते, रंगाचा पोत दिसत नाही, असं सांगून फवाऱ्यांनी तो खुंटीला टांगला, आणि तो तिथेच टांगलेला राहिला. मग एके दिवशी हात धुताना साबणाला वासच येईना. त्यांना वाटलं सर्दी झालीय. ती सर्दी काही गेली नाही. घरी सांगावं तर 'तरी मी सांगत होते' हे वाक्य मरेपर्यंत ऐकावं लागणार. आज सांगू, उद्या सांगू, करता करता लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मूल झालं, तरी फवाऱ्यांचं सांगणं काही झालं नाही.

त्यात बायकोचं नाक म्हणजे गल्लीची मालमत्ता. तिला सगळे नाकवाल्या वहिनी म्हणत. दूध संध्याकाळी नासणार हे ती सकाळी सांगायची. वरच्या मजल्यावर इस्त्री कपड्यावर राहिली की खालून हाक मारायची. आणि हे सगळं नाक ती पणाला लावायची ते कॉफीवर. कॉफीच्या कच्च्या बिया आणून त्या लोखंडी कढईत स्वतः भाजायची. आधी गवतासारखा वास येतो, मग भाजल्या पावाचा, मग बिया तडतडतात, आणि त्यानंतर एक वास येतो तो आला की लगेच उतरवायची, क्षणभर उशीर झाला की राख, असं ती सांगायची. कढई उतरवताना तिचे डोळे चक्क मिटलेले असायचे. उतरवल्यावर बिया ताटात पसरून वारा घालायचा, एक दिवस त्यांना नुसतं पडू द्यायचं, मग टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेल्या हातयंत्रात दळायच्या. पाणी उकळून गॅसवरून खाली घ्यायचं, त्याची उकळी बसेपर्यंत थांबायचं, कापडाची गाळणी आधी गरम पाण्याने भिजवायची, आणि कॉफीवर पहिली धार एवढीशीच. ती फुगून आली की मग उरलेलं पाणी. घाई केलेली तिला अजिबात खपायची नाही.

आणि कप नवऱ्याच्या हातात देऊन विचारायची, "कशी झालीय?"

फवाऱ्यांच्या जिभेला ते कडू गरम पाणी होतं. पण ते पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे आणि किंचित फटीतून तिच्या तोंडाकडे बघायचे. ती समाधानात दिसली की 'वा!' तिच्या कपाळाला आठी दिसली की 'आज जरा जास्त भाजली गेली का गं?' त्यांचं कधी चुकलं नाही. बायकोने बहिणींना सांगून ठेवलं होतं की आमच्या यांच्यासारखी कॉफीची पारख कुणाला नाही.

गाडीत आल्यावर कॉफीचे कायदे बदलले. भाजणं घरीच, कारण गाडीत धूर कोंडतो. दळणंही निघायच्या आदल्या संध्याकाळी, कारण घरगाड्या मुक्कामाला थांबतात त्या तळावर भल्या सकाळी यंत्र घरघरवलं की शेजारचे लोक खाऊ की गिळू करतात. कापडाची गाळणी धुवायला पाणी फार लागतं, म्हणून तिच्याऐवजी दोन मजली किटली: खाली पाणी, मधल्या चाळणीत कॉफी, आणि पाणी तापलं की वाफेच्या जोराने कॉफी गुरगुरत वरच्या मजल्यावर चढते. दळण त्या मानाने बारीक लागतं, पण दाबून भरायचं नाही. आच मंद ठेवायची, आणि गुरगुरीची फुसफुस झाली की लगेच उतरवायची. टाकीतलं पाणी वापरायचं नाही, प्लास्टिकची चव लागते. कॉफीपुरतं पाणी ती घरून काचेच्या बाटलीत घ्यायची. फवाऱ्यांना दोन्ही पाण्यांत काडीचा फरक कळत नव्हता, तरी ते बाटल्या इमानाने उचलून गाडीत ठेवायचे.

गॅस सुटला की बोंबलणारी यंत्रं दुकानात मिळतात. गाडी तयार होत होती तेव्हा फवाऱ्यांनी एक हातात घेऊनही बघितलं होतं. बायको म्हणाली, "माझं नाक असताना याला कशाला पोसायचं?" दुकानदार हसला, फवारेही हसले आणि यंत्र परत ठेवलं. पण त्यांना मनातून बरं वाटलं होतं. आपण ब्रशने बघू, ती नाकाने बघेल, अशी त्यांनी मनाशी वाटणी केली आणि तिच्या जिवावर ते गाडीत झोपू लागले.

मग गेल्या हिवाळ्यात दोघांनाही ताप आला. आधी त्यांना, मग तिला. तिचा जास्त दिवस राहिला. बरी झाल्यावर तिने पुन्हा कढई चढवली आणि म्हणाली, "अहो, इकडे या जरा. रंग बघा. तुमची नजर चांगली आहे."

फवारे हुरळले. जन्मभर रंगाच्या छटा जुळवलेला माणूस, त्यांनी कढईत वाकून 'अजून थोडं, अजून थोडं, बस' असं झकास सांगितलं. दुसऱ्या वेळीही तिने बोलावलं. तिसऱ्या वेळी ते कढईकडे बघता बघता थबकले. बायकोचे डोळे उघडे होते. ती डोळे फाडून बियांकडे बघत होती. साबणाच्या बुडबुड्याकडे आपण जसे बघतो, तसंच.

हिचं नाक तर गेलं नाही ना? पण मनाची समजूत काढायला माणसाला कितीसं लागतं? वय झालं, दोघांनी मिळून काहीतरी करावं असं वाटत असेल, म्हणून बोलावत असेल. त्यानंतर एकदा कपात दूध ओतलं तर ते फाटून त्याच्या गुठळ्या तरंगल्या. "गरमीने गेलं वाटतं," ती म्हणाली. बाहेर तर हुडहुडी भरत होती. मग एकदा शेजारीण दारातूनच नाक दाबून म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे काहीतरी मेलंय हो!" सिंकच्या मागे उंदीर निघाला. त्याच्या बाजूच्याच खुर्च्यांवर बसून नवरा-बायकोने रोज सकाळी निवांत कॉफी घेतली होती. बायको शेजारणीला म्हणाली, "मी यांना कालच म्हटलं होतं, काढा म्हणून." म्हटलं वगैरे काही नव्हतं. फवाऱ्यांनी मान डोलावली आणि ते उंदीर काढायला वाकले.

त्या दिवसापासून भीतीने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांना दिसायचं की बंद खिडक्यांच्या गाडीत आपण दोघं शेजारी शेजारी झोपलोय, खाली जमिनीलगत गॅस साचतोय, आणि आपण तिच्या नाकावर आणि ती आपल्या नाकावर हवाला ठेवून सुखाने घोरतोय. अहो, तिला सरळ विचारायचं ना! पण विचारलं की पहिला प्रश्न तिचा येणार: 'का हो, उंदराचा वास तुम्हालाही आला नव्हता?' त्याला उत्तर द्यायचं म्हणजे खुंटीवरच्या मास्कपासून सगळंच सांगावं लागणार. 

एवढ्यात लेकीचा फोन आला. जावई कामासाठी बाहेरगावी जाणार होता, आणि लेकीच्या मनात बाळाला घेऊन आईबाबांबरोबर गाडीतून भटकून यावं असं आलं होतं. बायकोचा आनंद गगनात मावेना. तिने बाळासाठी बाकाला गादी शिवली, पडण्याच्या भीतीने बाजूला जाळी लावली. फवाऱ्यांनी नळी नवी बसवली, रेग्युलेटर नवा बसवला आणि तरीही त्यांना झोप येईना. म्हाताऱ्या जिवांचं एक वेळ ठीक. पण ते पोर जमिनीलगत रांगणार होतं.

लेकीच्या गावी पोचायच्या आधी वाटेत एक मुक्काम होता. तळ्याकाठी गाड्यांचा तळ, पंधरावीस गाड्या, मध्ये पाण्याचा नळ. तिथे दुपारी फवाऱ्यांनी ठरवलं की आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा. त्यांनी आधी सिलिंडर बंद केला, शेगडी गार असल्याची खात्री केली, मग बाकाखालचा थिनरचा डबा काढून त्याचं झाकण उघडलं आणि "जरा चाकांतली हवा बघतो" म्हणून ते खाली उतरले. चाकाकडे न बघता ते खिडकीतून आत बघत राहिले. थिनरच्या उघड्या डब्यापाशी चांगलं नाक असलेला माणूस टिकत नाही. खोकतो, ओरडतो, खिडकी तरी उघडतो. बायको डब्यापासून हातभर अंतरावर बसून बाळाच्या टोपीला गोंडा लावत होती. दोरा ओवताना तिने ओठ मुडपले होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती. फवारे खिडकीबाहेर उभे राहून वाट बघत राहिले. तिने एकदा मान वर केली. त्यांना वाटलं, आता! पण ती त्यांना बघून नुसती हसली आणि टोपी उंच धरून दाखवली.

 ते आत गेले, डबा बंद करून बाहेरच्या पेटीत नेऊन ठेवला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

"थंडी आत येतेय ना," ती म्हणाली.

"येऊ दे थोडी. बरी असते."

एवढंच बोलले. चहाच्या वेळी सांगू म्हणाले, जेवताना सांगू म्हणाले, आणि अंथरुणावर पडल्यावर तिने उद्या बाळाला काय काय दाखवायचं ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा हूं हूं करत राहिले.

सकाळी पाऊस लागला होता आणि तळ्यावरून वारा सुटला होता. खिडक्या कधीतरी बायकोनेच उठून घट्ट लावल्या होत्या. फवारे डोक्यावर टॉवेल टाकून गाडीची दाढी करायला बाहेर गेले. सांधे ठाकठीक होते. त्यांनी मनात पक्कं केलं की आता आत जायचं, कॉफी हातात आली की सांगून टाकायचं. लेकीच्या दारात गाडी लागायच्या आत हे व्हायलाच हवं. दार उघडलं तसा वारा त्यांच्या आधी आत घुसला. पडदे फडफडले, कागदी रुमाल उडाले. "लावा, लावा दार!" बायको ओरडली. त्यांनी दार ओढून घेतलं. किटली चढवलेली होती. ते बाकावर बसले, ओले मोजे काढले, डोकं पुसलं, दुसरे मोजे शोधले, पांघरुणांच्या घड्या घातल्या. सांगायचं वाक्य मनात जुळवत होते, आणि ते जुळत नव्हतं.

"अजून कशी वाजत नाही हो ही?" बायको किटलीकडे बघत म्हणाली. "एव्हाना गुरगुरायला हवी."

"पाणी जास्त झालं असेल."

"छे, रोजचंच माप आहे." तिने वाकून शेगडीकडे बघितलं. "अगंबाई, विझलाय की हा! दार उघडलंत ना मघाशी." आणि तिने खिळ्यावरचा लायटर काढला.

फवाऱ्यांचं लक्ष शेगडीच्या बटणावर गेलं. बटण फिरवलेलं होतं. ज्योत नव्हती. दार उघडलं तेव्हापासून आत्तापर्यंत ते मोजे, ती पांघरुणं, तो सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. त्यांनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"अहो, दुखतंय!"

"सोड तो. माझ्या हातात दे. दाबू नकोस, नुसता दे." त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. लायटर त्यांच्या हातात आला. त्यांनी बटण बंद केलं, दार उघडलं, आणि बायकोला दंडाला धरून अनवाणी बाहेर ओढलं. पेटीत हात घालून सिलिंडर बंद केला. मग तिला तसंच ओढत नळापर्यंत नेलं. पावसात दोघं उभी राहिली. आजूबाजूच्या गाड्यांत लोक अजून उठत होते, कुठे रेडिओ लागला होता, कुणीतरी जोरात शिंकलं. पावाच्या गाडीचं दार वाऱ्याने आपटत होतं.

बायकोने आधी मनगट चोळलं. तिचे दात वाजत होते. मग म्हणाली, "तुम्ही तिथेच बसला होतात. तुम्हाला कसा नाही आला वास?"

"तुला?"

ती खाली बघायला लागली. "तापापासून येत नाही. कशाचाच नाही. म्हटलं, येईल परत. सांगितलं असतं तर तुम्ही गाडी काढली असतीत विकायला. आणि कॉफी... मग मला कोण विचारणार?" तिने तोंड पुसलं. "म्हटलं, तुम्ही आहात ना. तुमचं नाक चांगलं आहे."

फवाऱ्यांचं इतके दिवस न जुळलेलं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "मला वास येत नाही गं. लेक शाळेत जायच्या आधीपासून नाही. थिनरने गेला."

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिच्या डोळ्यांत एकेक गोष्ट फिरताना त्यांना दिसली. "म्हणजे माझी कॉफी?"

"कडू लागते. गरम लागते."

"आणि ते वा वा?"

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हणायचो."

तिने त्यांच्या खांद्यावरचा ओला टॉवेल ओढला आणि त्याच टॉवेलने त्यांना दंडावर एक फटका मारला. लटका नव्हे, चांगला लागला. दुसरा मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला; ती मटकन नळाच्या कट्ट्यावर बसली. "बाळाला घेऊन आपण आज..." एवढंच म्हणाली. फवारे तिच्या शेजारी बसले.  मेलो असतो ही भीती एवढी नव्हती. आपण मरेपर्यंत एकमेकांना बरं वाटावं म्हणून गप्प राहिलो असतो, आणि त्या पोरालाही बरोबर नेलं असतं, ही भीती होती. 

खिशात फोन वाजला. लेक होती. हात ओले म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, निघालात का? बाळाची बॅग भरून दारात ठेवलीय. सकाळपासून तुमचीच वाट बघतोय तो." मागून बाळाचा ओरडा ऐकू येत होता.

फवारे काही बोलायच्या आत बायकोनेच फोन ओढून घेतला. "आधी ऐक. आत्ता गाडीत गॅस सुटला होता. आम्ही ठीक आहोत. पण मला तो कळला नाही. मला वास येत नाही, तापापासून."

पलीकडे बाळाचा आवाज दूर गेला. लेक बहुधा त्याला खाली ठेवून बाजूला आली असावी.

"आई, मला माहीत आहे गं," ती हळूच म्हणाली. "मागे तू इथे आली होतीस तेव्हा बाळाचं डायपर भरलेलं होतं आणि तू त्याला मांडीवर घेऊन तासभर खेळवत बसली होतीस. तेव्हाच कळलं मला. बोलले नाही, तुला वाईट वाटलं असतं." ती थांबली. "मला काळजी नव्हती. म्हटलं, गाडीत बाबा आहेत ना."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

फवारे फोनकडे वाकले. "बेटा," ते म्हणाले, "बाळाची बॅग आत ने. बाबांनाही वास येत नाही."